फळे-भाज्या धुण्याचा पाठ : घरी, वर्गात आणि परसबागेत



परिसर अभ्यासात अन्न, पाणी आणि आरोग्य हे घटक शिकवताना आपण एक वाक्य हमखास फळ्यावर लिहितो : "फळे व भाज्या स्वच्छ धुऊन खाव्यात." मुलं ते वहीत उतरवतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. मधल्या सुट्टीत मात्र शाळेच्या फाटकाबाहेर घेतलेली बोरं शर्टाला पुसून तोंडात टाकतात. मुलांना उत्तर येतं, पण धुवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कशासाठी आणि किती पाण्यात, हे त्यांना कोणी करून दाखवलेलं नसतं. खरं सांगायचं तर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरीही हे सवयीने होतं, समजून नाही.

जून ते सप्टेंबर या काळात वर्गातली गैरहजेरी तपासून बघा. जुलाब, उलट्या, ताप आणि कावीळ ही कारणं वारंवार दिसतात. ती सगळी भाजीमुळे येतात असं नाही. दूषित पाणी आणि न धुतलेले हात हीसुद्धा मोठी कारणं आहेत. पण कच्चं खाल्लं जाणारं फळ, कोशिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर या तिघांना चुलीची आच लागत नाही. तिथे धुणं हाच एक बचाव उरतो. म्हणून हा पाठ थोडा सविस्तर घेऊ.

अध्ययन निष्पत्ती (इयत्ता तिसरी ते पाचवी)

1. फळे-भाज्यांवर काय काय चिकटलेले असते ते विद्यार्थी सांगतो.
2. पालेभाजी, कंदभाजी आणि फळे धुण्याची योग्य पद्धत करून दाखवतो.
3. कमी पाण्यात स्वच्छता कशी राखावी याचा विचार करतो.
4. भाजी धुण्याबद्दलचे समज आणि गैरसमज ओळखतो.

भाजीवर नेमकं असतं काय?

मुलांना विचारलं तर "माती" आणि "औषध" ही दोन उत्तरं लगेच येतात. तिसरं उत्तर आपल्याला काढून घ्यावं लागतं. ते म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि जंतांची अंडी.

माती दिसते, त्यामुळे तिची भीती कमी वाटते. पण तिच्यासोबत पुष्कळ काही येतं. उघड्यावर शौच होत असेल, नाल्याचं सांडपाणी शेतात जात असेल किंवा न कुजलेलं शेण घातलेलं असेल, तर त्यातले जंतू आणि जंतांची अंडी पाल्यावर चिकटतात. गोल जंताची अंडी तर चिकट असतात आणि ओलसर मातीत कित्येक महिने तग धरतात. ती पोटात गेली की आतड्यात जंत वाढतात, मूल खातं ते अंगी लागत नाही आणि रक्त कमी होतं. आपण शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतो ती याच जंतांसाठी. 2015 पासून 10 फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना ही गोळी दिली जाते. गोळीने आत असलेले जंत जातात. पुन्हा न धुतलेलं गाजर खाल्लं की अंडी परत पोटात जातात. हे मुलांना सांगितलं की गोळीचा आणि या पाठाचा संबंध त्यांच्या लक्षात येतो.

कीटकनाशकांबद्दल बोलताना थोडं जपून बोलावं असं मला वाटतं. आपल्या वर्गात शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, भाजी विकणाऱ्यांची मुलं बसलेली असतात. "शेतकरी भाजीवर विष मारतात" असं वाक्य बाईंच्या किंवा सरांच्या तोंडून आलं, तर त्या मुलाची मान खाली जाते. फवारणीचा पहिला त्रास तर फवारणाऱ्यालाच होतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. म्हणून असं सांगावं : पिकावर कीड पडते, शेतकरी औषध मारतो, औषध मारल्यावर ठरावीक दिवस थांबून मगच माल काढायचा असतो, आणि तरीही थोडा अंश राहू शकतो म्हणून आपण घरी धुऊन घ्यायचं.

इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. धुतल्याने सालीवरचा अंश बराच कमी होतो. पण काही औषधं झाडाच्या रसातून आतपर्यंत जातात, ती पाण्याने निघत नाहीत. सांडपाण्यातून पाल्यात शोषले गेलेले जड धातूही धुऊन जात नाहीत. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला पिकणाऱ्या पालेभाज्यांबद्दल लोक बोलतात ते यामुळेच. म्हणजे भाजी कुठून येते ते बघणं आणि ती धुणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आधी हात, मग भाजी

क्रम असा शिकवावा : हात धुणे, निवडणे, धुणे, निथळणे, चिरणे.

भाजी धुण्याआधी साबणाने निदान 20 सेकंद हात धुवावेत. धुण्याचं भांडं, विळी, सुरी आणि पाट हेही स्वच्छ हवेत. मटण, चिकन किंवा मासे कापलेल्या विळीवर तशीच कोशिंबिरीची काकडी चिरू नये. मधे विळी साबणाने धुवावी, किंवा आधी काकडी चिरून मग मटणाला हात लावावा.

चिरण्याआधी धुवायचं, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे चिरलेली भाजी पाण्यात बुडवली की क जीवनसत्त्व आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्याबरोबर वाहून जातात. दुसरं म्हणजे न धुतलेल्या सालीवरून विळी फिरली की सालीवरचे जंतू पात्याबरोबर आत गरात जातात. म्हणून ज्या फळाची साल आपण खात नाही तेही आधी धुवायचं. कलिंगड, खरबूज, पपई, अननस ही त्यातली मुख्य फळं. खरबुजाची साल जाळीसारखी खडबडीत असते, तिच्या खाचांत घाण अडकून बसते. ते ब्रशने किंवा काथ्याने चोळून धुवावं.

कोणती भाजी कशी धुवावी?

*पालेभाज्या (मेथी, पालक, शेपू, लाल माठ, चाकवत, आळू) :* जुडी सोडून पिवळी, किडकी पानं काढावीत. मोठ्या परातीत किंवा पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवावीत आणि हाताने हलवावीत. मिनिटभर तसंच ठेवावं म्हणजे माती तळाशी बसते. मग पानं दोन्ही हातांनी वर उचलून घ्यावीत. बरेच जण इथे परात कलती करून पाणी ओततात. त्याने तळाची माती परत पानांवर येते. पाणी बदलून हेच पुन्हा करावं. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत धुवावं. साधारण तीन पाणी लागतात. पावसाळ्यात पानांवर चिखल उडालेला असतो, तेव्हा चौथं पाणीही लागू शकतं. शेवटी रोवळीत किंवा चाळणीत निथळत ठेवावी.

*कोथिंबीर, पुदिना :* यांच्याकडे विशेष लक्ष द्यावं, कारण त्या बहुतेक वेळा कच्च्याच खाल्ल्या जातात. वरण शिजलेलं असतं, पण त्यावरची कोथिंबीर शिजलेली नसते. लागेल तेवढीच काढून धुवावी. सगळी जुडी धुऊन ओली ठेवली तर दोन दिवसांत काळी पडते.

*फ्लॉवर :* तुरे सुटे करावेत. कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर हळद घालून 10 मिनिटं बुडवून ठेवावेत. आतल्या अळ्या बाहेर येतात. नंतर साध्या पाण्याने धुवावेत.

*कोबी :* वरची दोन-तीन पानं काढून टाकावीत. मग गड्डा धुवावा, अर्धा चिरून आतली पानं थोडी सैल करून पाणी सोडावं.

*बटाटा, रताळं, गाजर, मुळा, बीट :* ही जमिनीखालची, त्यामुळे माती जास्त. थोडा वेळ पाण्यात ठेवून ब्रशने घासावीत. साल काढायची असली तरी आधी धुवावं.

*भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी, मिरची :* एकेक हातात घेऊन चोळून धुवावी. भेंडी धुतल्यावर फडक्याने कोरडी करून मग चिरावी, म्हणजे तार सुटत नाही. टोमॅटोच्या आणि वांग्याच्या देठाजवळचा खड्डा चोळायला विसरू नये.

*द्राक्षं :* घड तसाच पाण्यात बुडवून हलवावा, पाणी दोनदा बदलावं आणि शेवटी वरून तांब्याने पाणी सोडावं. द्राक्षावर जी पांढुरकी लव दिसते ती बऱ्याचदा द्राक्षाचं स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. पण फवारणीचे डागही पांढरेच दिसतात. डोळ्यांनी फरक करत बसण्यापेक्षा प्रत्येक वेळी धुवावं.

*बोरं, जांभळं, आवळे, स्ट्रॉबेरी :* खायच्या आधी लगेच धुवावीत. स्ट्रॉबेरीचा देठ धुतल्यानंतर काढावा.

*आंबा :* आंबे खाण्याआधी पाण्यात टाकून ठेवायची आपल्याकडची रीत चांगली आहे. देठाजवळचा चीक निघून जातो. हा चीक ओठांना लागला की काहींना फोड येतात.

*मोड आलेली कडधान्यं :* मटकी, मूग यांना मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. इथे नुसतं धुणं पुरत नाही. लहान मुलांना मोड वाफवून द्यावेत.

भाजी धुतल्यावर स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपली तर उरलेले जंतू आणखी कमी होतात. पण ते फडकं रोज धुतलेलं हवं. ओट्यावरचं पुसणं त्यासाठी वापरू नये.

नळ नसेल तर?

पुस्तकात आणि माहितीपत्रकात "वाहत्या पाण्याखाली धुवा" असं लिहिलेलं असतं. सूचना योग्यच आहे. वाहत्या पाण्याने सुटलेली घाण निघून जाते, एकाच भांड्यातल्या पाण्यात मात्र एका भाजीची घाण दुसरीला लागते. पण आपल्यातल्या कितीतरी गावांत मार्चनंतर टँकर येतो. हंड्याने पाणी भरणाऱ्या आईला "नळाखाली धरा" सांगून काय उपयोग?

तिथे तीन भांड्यांची पद्धत सांगावी. पहिल्या भांड्यात माती काढायची, दुसऱ्यात चोळून धुवायचं, आणि शेवटी तांब्याने वरून स्वच्छ पाणी सोडायचं. हे शेवटचं पाणी खाली तिसऱ्या भांड्यात धरायचं. ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं, म्हणून पुढच्या भाजीचं पहिलं पाणी म्हणून वापरता येतं. पहिल्या भांड्यातलं गढूळ पाणी परसबागेतल्या झाडांना घालायचं. कमी पाणी असेल तर जे कच्चं खायचं ते आधी धुवावं आणि जे शिजवायचं ते नंतर.

पाणीच गढूळ किंवा संशयास्पद असेल, विशेषतः पहिल्या पावसानंतर, तर कच्च्या खायच्या फळांवर आणि काकडी-टोमॅटोवर शेवटचं पाणी उकळून गार केलेलं वापरावं. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर किंवा घरातलं फरशीचं औषध अंदाजाने भाजीच्या पाण्यात कधीही टाकू नये.

समज आणि गैरसमज

"साबणाने धुतलं की जास्त स्वच्छ." नाही. फळांच्या सालीला बारीक छिद्रं असतात, त्यांत साबण राहतो आणि पोटात जातो. करोनाच्या काळात अनेक घरांत भाजी साबणाच्या पाण्यात बुडवली जात होती. तेव्हा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेही ताज्या फळे-भाज्यांवर साबण किंवा जंतुनाशक थेट वापरू नये, असंच सांगितलं होतं.

"खायचा सोडा घातला की सगळं औषध निघतं." यात थोडं तथ्य आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम या प्रमाणातल्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर दोन औषधांपैकी एक सुमारे 80 टक्के आणि दुसरं सुमारे 96 टक्के निघालं. जे निघालं नाही ते सालीच्या आत शिरलेलं होतं. प्रयोग दोनच औषधांवर आणि फक्त सफरचंदांवर झाला, हे ध्यानात ठेवावं. सोडा वापरायचा तर वापरा, पण नंतर साध्या पाण्याने नीट धुवा. आणि खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे, हे मुलांना डबा दाखवून सांगा.

"कोबीतली अळी डोक्यात जाते." हा गैरसमज इतका पसरला आहे की काही घरांत कोबी आणणंच बंद आहे. कोबीवरची हिरवी अळी मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार आहे तो डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या फितीसारख्या जंताच्या अंड्यांमुळे होतो. ही अंडी त्या जंताची लागण झालेल्या माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि तिथून भाजीवर येतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि कोबीवरच काय, गाजरावर, मुळ्यावर, कोथिंबिरीवरही असू शकतात. म्हणजे शाकाहारी माणसालाही हा आजार होऊ शकतो. यावर उपाय कोबी सोडणं हा नाही. शौचालयाचा वापर, हात धुणं, भाजी धुणं आणि शिजवणं हे उपाय आहेत.

"सफरचंद चकाकतं म्हणजे प्लास्टिकचं मेण." सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. शिवाय मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण किंवा लाख यांचा पातळ थर द्यायला कायद्याने परवानगी आहे, मात्र तशी माहिती लेबलवर हवी. शंका वाटली तर कोमट पाण्यात चोळून धुवावं किंवा साल काढावी.

"कार्बाइडने पिकवलेला आंबा धुतला की झालं." कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूने ठरावीक प्रमाणात पिकवायला परवानगी आहे. धुतल्याने सालीवरची भुकटी निघते, पण बेकायदा काम कायदेशीर होत नाही. असा माल घेऊच नये.

वर्गात घ्यायच्या कृती

कृती 1 : तीन पाण्यांचे तीन ग्लास. मेथीची एक जुडी आणावी. मुलांच्या गटाने ती तीन वेगवेगळ्या पाण्यांत धुवावी. प्रत्येक वेळचं पाणी ढवळून एकेका काचेच्या ग्लासात भरावं आणि 1, 2, 3 आकडे लावावेत. मधल्या सुट्टीपर्यंत ग्लास खिडकीत ठेवावेत. तळाशी बसलेल्या मातीचा थर मुलांनी पट्टीने मोजावा आणि चित्र काढावं. हे ग्लास पाहिल्यावर "तीनदा का?" हा प्रश्न कोणी विचारत नाही. शेवटी एक प्रश्न आपण विचारावा : तिसरा ग्लास स्वच्छ दिसतो, मग त्यात जंतू नसतीलच का? दिसणारी स्वच्छता आणि न दिसणारी स्वच्छता यांची चर्चा इथून सुरू होते.

कृती 2 : हळदीचा पेरू. पांढऱ्या गराच्या पेरूला किंवा काकडीला बाहेरून ओली हळद चोळावी. "हे जंतू आहेत असं समजा" असं सांगून शिक्षकांनी स्वतः सुरीने काप करावेत. कापाच्या कडेला, सुरीला आणि आपल्या बोटांना पिवळे डाग दिसतील. मग दुसऱ्या पेरूला हळद लावून, तो धुऊन, सुरीही धुऊन कापावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. आधी धुवायचं की आधी चिरायचं, हे मुलं आपापलं सांगतात.

कृती 3 : पाण्याचा हिशोब. समजा नळातून मिनिटाला 6 लिटर पाणी येतं आणि भाजी 5 मिनिटं धुतली. किती पाणी गेलं? परातीत 3 लिटर पाणी घेऊन तीनदा धुतलं तर किती गेलं? फरक किती? त्या पाण्यात परसबागेतली किती रोपं भिजतील? गुणाकार, वजाबाकी आणि परिसर अभ्यास एकाच तासात होतात.

परसबाग आणि पोषण आहार

ज्या शाळांत परसबाग आहे तिथे मुलं पालक, मेथी, मुळा स्वतः पिकवतात. "आपल्याच शाळेची आहे, औषध नाही मारलं, मग कशाला धुवायची?" असा प्रश्न येतो. औषध नसलं तरी माती आहे, पक्षी, उंदीर, मांजर यांचा वावर आहे आणि खत आहे. शेणखत पूर्ण कुजलेलंच घालावं. मुळा उपटून तिथेच पॅन्टला पुसून खायची मुलांची आवड असते. त्यासाठी परसबागेजवळच एक बादली, तांब्या आणि साबण ठेवला तर सांगायचं काम निम्मं होतं. स्वयंपाकी ताईंशीही एकदा बसून बोलावं. त्यांना सगळं येत असतं. अडचण बहुतेक वेळा मोठ्या परातीची, पाण्याच्या टाकीची किंवा वेळेची असते आणि ती शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येते.

पालकांसाठी

घरी भाजी निवडायला बसताना मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, शेजारी बसवा. विळी देऊ नका, पण परातीतली पानं वर उचलायचं काम सात वर्षांचं मूल छान करतं. बाजारातून आल्यावर केळी, पेरू, सफरचंद धुऊन, पुसून दिसेल अशा ठिकाणी ठेवा. भूक लागल्यावर मूल हाताशी असेल ते खातं, तेव्हा हाताशी धुतलेलं फळ असावं. चिरलेलं फळ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. डब्यात द्यायचं तर शक्यतो अख्खं फळ द्या. शाळेबाहेर बोरं घेतलीच तर नळावर धुऊन खा, एवढं सांगा. "बाहेरचं खाऊच नको" हे कोणी पाळत नाही, "धुऊन खा" हे पाळलं जातं.

आणि मुलांना भाजीची भीती घालू नका. औषध, जंत, जंतू हे सगळं एकदम ऐकून काही मुलं पालेभाजी खायचीच सोडतात. तसं झालं तर हा पाठ उलटा पडला असं समजायचं. भाजी न खाण्याने होणारं नुकसान रोजचं आहे आणि मोठं आहे. पानात वाढलेली पालेभाजी स्वच्छ आहे, ती मी स्वतः धुतली आहे, असं मुलाला सांगता आलं पाहिजे.

स्वाध्याय

1. तुमच्या घरी काल कोणती भाजी केली? ती किती पाण्यांत धुतली? घरच्यांना विचारून लिहा.
2. खरबूज साल काढून खातात, तरी ते का धुवावे?
3. पालेभाजी धुताना पाणी ओतून न देता पाने का उचलून घ्यावीत?
4. भाजी धुतलेले पाणी कुठे कुठे वापरता येईल? तीन उपाय लिहा.
5. करून पहा : या रविवारी घरची एक पालेभाजी स्वतः धुवा आणि सोमवारी वर्गात सांगा.

आपल्या शाळेत या कृती घेतल्या तर मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. मुलांच्या प्रश्नांवरूनच पुढचा पाठ तयार होतो.